जवाचं पोतं आणि तीन ओबोल

स्पार्टात पोरगा विशीला आला की त्याचं पुढचं सगळं आयुष्य पावाच्या गोळ्यांवर ठरायचं. म्हणजे असं, की गावात पुरुषांच्या मेस होत्या, एकेका मेसमध्ये साधारण पंधरा जण, आणि त्यातल्या कुठल्यातरी एका मेसने तुम्हाला आत घेतलं तरच तुम्ही पूर्ण नागरिक. वाढपी डोक्यावर भांडं घेऊन सगळ्यांसमोरून फिरायचा आणि प्रत्येकाने हातातला मऊ पावाचा तुकडा गुपचूप त्यात टाकायचा, पोरगा पसंत असेल तर तसाच, नापसंत असेल तर मुठीत दाबून चपटा करून. भांड्यात एक जरी चपटा गोळा निघाला की पोराचा पत्ता कट, मग बाकीच्या चौदा जणांना तो कितीही आवडलेला असो. रोज रात्री एकत्र जेवायचंय, तर ज्याचं तोंड बघून एखाद्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस नकोच, असा साधा हिशेब.

हे प्लुटार्कने लिहून ठेवलंय. तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक, स्पार्टाचे चांगले दिवस सरून चार-पाचशे वर्षं झाली तेव्हाचा, त्यामुळे त्याची प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घ्यायची गरज नाही. पण मेस होत्या, त्यात जेवणं सक्तीचं होतं आणि त्यासाठी प्रत्येकाला आपली वर्गणी भरायला लागायची हे नक्की, कारण ते ॲरिस्टॉटलही सांगतो. वर्गणी मुख्यतः धान्यात. प्लुटार्कच्या हिशेबाने महिन्याला एक मेदिम्नोस जवाचं पीठ, म्हणजे चांगलं पोतंभर, वर पंचवीसेक लिटर वाइन, दोन-अडीच किलो चीज, त्याच्या निम्मे अंजीर आणि मटण-मासळीसाठी थोडे सुटे पैसे. नाही भरलं तर मेस बंद, आणि मेस बंद म्हणजे नागरिकत्वही बंद. तुम्ही रणांगणावर कितीही शौर्य गाजवलेलं असो, शेतात पिकलं नाही की तुम्ही खालच्या रांगेत.

मला इतिहासातल्या लढायांपेक्षा हे असलं जास्त आवडतं, कोण कुणाबरोबर जेवायचं, बिल कोण भरायचं वगैरे. आणि अथेन्स-स्पार्टाच्या बाबतीत मला हळूहळू असं वाटायला लागलंय की आपण जे शाळेत पाठ केलं, इकडे लोकशाही तिकडे लष्करशाही, इकडे कला तिकडे कवायत, ते काही चूक नाही, पण त्याच्या मुळाशी हा बिलाचाच प्रश्न आहे. स्पार्टा तुमच्याकडून नागरिक असण्याचे पैसे घ्यायचा आणि अथेन्स तुम्हाला नागरिक असण्याचे पैसे द्यायचा. बाकी बरंचसं यातूनच निघतं.

आधी मेसमधलं जेवण बघू. मुख्य पदार्थ काळं कालवण, डुकराचं मटण, रक्त, व्हिनेगर आणि मीठ. काळ्या समुद्राकाठच्या पाँटसच्या कुठल्याशा राजाने हौसेने खास स्पार्टन आचारी ठेवून ते करवून घेतलं आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं, तेव्हा आचारी म्हणाला, महाराज, हे खायचं तर आधी स्पार्टाच्या युरोटास नदीत आंघोळ करायला लागते. सगळ्यात म्हातारा सदस्य आत येणाऱ्या प्रत्येकाला दाराकडे बोट दाखवून सांगायचा की इथून एक शब्द बाहेर जाणार नाही. जेवण झालं की अंधारात मशालीशिवाय घरी जायचं, रात्रीची चाल सवयीची व्हावी म्हणून. आणि यातून राजाचीही सुटका नाही. एजिस राजा अथेन्सवरची मोहीम मारून आला, म्हणाला आज बायकोबरोबर घरी जेवतो, माझं पान घरी पाठवा. सेनाधिकाऱ्यांनी पाठवलंच नाही. राजाने रागाने दुसऱ्या दिवशीचा यज्ञबळी द्यायचा टाळला तर वर त्यालाच दंड.

माझा भाचा स्पार्टाचा फॅन आहे. जिमच्या बॅगेवर ते शिरस्त्राणाचं चित्र, प्रोटीन शेकच्या बाटलीवरही तेच. "मावशी, कसली डिसिप्लिन होती यार त्या लोकांची," असं तो मला अधूनमधून ऐकवतो. डिसिप्लिन होतीच. सातव्या वर्षी पोरगं घरातून उचलायचे, वर्षाला एक झगा, झोपायला युरोटासच्या काठचे बोरू हाताने तोडून आणून त्याचा बिछाना करायचा, चाकू वापरायचा नाही, जेवण मुद्दाम कमी म्हणजे पोरं चोरायला शिकतील, आणि चोरताना सापडलं तर फटके. फटके चोरीबद्दल नाहीत, सापडल्याबद्दल. मी त्याला म्हटलं, "अरे, हे सगळे दिवसभर कवायत करणार, रात्री मेसमध्ये जेवणार, मग ते जवाचं पोतं पिकवत कोण होतं?" तर म्हणाला, "असतील की नोकर वगैरे."

नोकर वगैरे म्हणजे हेलट. स्पार्टाभोवतालच्या लॅकोनियातले आणि टायगेटस डोंगरापलीकडच्या मेसेनियातले, जिंकून जमिनीला बांधलेले लोक, तेही ग्रीकच. बाहेरून विकत आणलेले गुलाम नव्हेत, आपापल्या गावात, आपापल्या घरात पिढ्यानपिढ्या राहणारे, फक्त जमीन आता मालकाची आणि पिकातला ठरलेला वाटा मालकाच्या मेसमध्ये जायचा. इ.स.पू. 479 मध्ये पर्शियन लोकांविरुद्धच्या प्लाटियाच्या लढाईला स्पार्टाचे 5000 नागरिक गेले तेव्हा प्रत्येकामागे 7 हेलट होते असं इतिहासकार हेरोडोटस लिहितो. आता एका माणसामागे सात जण असतील, आणि त्या सातांना आपण कुणाचे कोण होतो हे नीट आठवत असेल, तर त्या एकाला कवायत करण्याशिवाय पर्याय काय? डिसिप्लिन म्हणजे पर्शियन लोकांसाठी होती असं आपल्याला वाटतं, पण ती बरीचशी घरच्या शेतकऱ्यांसाठी होती. दरवर्षी नवे एफोर, म्हणजे निवडून आलेले पाच कारभारी, कामावर रुजू झाले की हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारायचे, का तर मग त्यांना मारलं तरी पाप लागत नाही. निवडक तरुण पोरांना खंजीर आणि थोडी शिदोरी देऊन रानात सोडायचे, दिवसा लपायचं, रात्री वाटेत सापडेल त्या हेलटाला संपवायचं. इतिहासकार थुसिडिडीसने तर अशी गोष्ट सांगितलीय की एकदा त्यांनी हेलटांना विचारलं, युद्धात सगळ्यात मोठी कामगिरी कुणी केली ते तुमचं तुम्हीच सांगा, त्यांना आम्ही मोकळं करतो. साधारण 2000 जण पुढे आले. त्यांना डोक्यात फुलांच्या माळा घालून देवळांभोवती फिरवलं, आणि नंतर ते दिसेनासे झाले, प्रत्येक जण कसा मेला हे कुणालाच कळलं नाही. जो स्वतःला मोकळं व्हायला लायक समजतो तोच उद्या उठाव करणार, हा त्यामागचा विचार. भाच्याला हे सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण थर्मोपिली तर खरंच भारी होतं ना?" हो बाबा, पर्शियन फौजेला खिंडीत अडवलेली ती लढाई, ते भारीच होतं.

अथेन्सला मात्र सकाळपासून सुरुवात करायला पाहिजे, कारण अथेन्सचा कारभार सकाळचा. प्निक्स नावाची टेकडी आहे, अक्रोपोलिसच्या पश्चिमेला, तिथे उघड्यावर सभा भरायची. उजाडता उजाडता लोक यायचे, किंवा यायला पाहिजे होते, कारण बरेचसे खाली अगोरात, म्हणजे बाजारचौकात, गप्पा छाटत उभे असायचे. मग लाल रंगात भिजवलेला दोर दोन्हीकडून धरून त्यांना सभेकडे हाकलायचे. ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. 425 सालच्या नाटकात एक शेतकरी पहाटेपासून सभेत एकटाच बसून कंटाळलाय, आणि शहरातले लोक त्या दोरापासून पळत सुटलेत, म्हणजे अंगरख्याला डाग लागायला नको. लोकशाहीचा जन्म वगैरे आपण म्हणतो तेव्हा मला हे दृश्य आठवतं आणि फार बरं वाटतं. सभा सुरू झाली की दवंडी देणारा विचारायचा, कुणाला बोलायचंय? कुणालाही. चांभार असो, खलाशी असो.

पण चांभाराने दिवसाची कमाई बुडवून टेकडीवर यायचं का? हा प्रश्न अथेन्सने पैशाने सोडवला. आधी न्यायालयातल्या ज्युरींना भत्ता सुरू झाला, पेरिक्लीस या पुढाऱ्याने दोन ओबोल (चांदीची छोटी नाणी), मग त्याच्यानंतरच्या क्लेऑनने तीन. आणि इ.स.पू. 403 नंतर सभेला यायचेही पैसे, आधी एक ओबोल, मग दोन, मग तीन. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, आणि कुशल कारागिराची पाचव्या शतकाच्या शेवटची रोजी साधारण एक द्राख्मा, त्यामुळे तीन ओबोलात कुणी श्रीमंत होत नव्हता, पण त्या दिवशी चूल पेटायची. अथेन्समधली बडी मंडळी यावर कायम नाक मुरडत आली, फुकट्यांना पोसताय म्हणून. मला तर वाटतं लोकशाहीबद्दल जी मोठमोठी भाषणं झाली त्या सगळ्यांपेक्षा हे तीन ओबोल जास्त कामाचे.

बाकी कारभार सोडतीवर. सेनापती सोडले, दरवर्षी दहा, ते हात वर करून निवडायचे कारण जहाज बुडवणारा माणूस चिठ्ठीने निघाला तर काय घ्या, पण बहुतेक सगळ्या पदांसाठी चिठ्ठ्या. पाचशेचं कौन्सिल सोडतीने, तिशीच्या वरचा नागरिक, आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. म्हणजे दरवर्षी बहुतांश नवी माणसं लागणार, आणि तुमच्या आळीतले निम्मेशिम्मे म्हातारे कधी ना कधी तिथे बसून आलेले असणार. दहा जमातींचे पन्नास-पन्नास, प्रत्येक पन्नासाची वर्षाच्या दहाव्या हिश्शाची पाळी, त्या पाळीत ते सरकारी खर्चाने एकत्र जेवायचे, थोलोस नावाच्या गोल इमारतीत. आणि त्या पन्नासातला एक जण रोज चिठ्ठीने अध्यक्ष व्हायचा, एक दिवस आणि एक रात्र, खजिना आणि दप्तर असलेल्या देवळांच्या किल्ल्या त्याच्याकडे, शहराचा शिक्का त्याच्याकडे, आणि हे आयुष्यात फक्त एकदाच. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी कोण होणार असं विचारलं की सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि मग जो त्या दिवशी गैरहजर असतो त्याच्या गळ्यात पडतं, तशातला प्रकार हा, फक्त इकडे अख्ख्या शहराच्या किल्ल्या. विचार करा, सकाळी जैतून विकणारा माणूस संध्याकाळी साम्राज्याची तिजोरी उशाशी घेऊन झोपलाय.

पद मिळण्याआधी तपासणी व्हायची आणि तिचे प्रश्न मला फार आवडतात. आर्खोनला, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याला, विचारायचे, बाप कोण, आई कोण, घराण्याची थडगी कुठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरलेस का, मोहिमांवर गेला होतास का. अक्कल किती आहे हे कुणी विचारत नव्हतं. शहराच्या स्वच्छतेसाठी दहा अधिकारी, तेही सोडतीने, पाच शहरात आणि पाच पिरेयस बंदरात, त्यांचं काम मैला वाहणारे गावकुसापासून दहा स्टेडियाच्या आत, म्हणजे दोनेक किलोमीटरच्या आत, घाण टाकत नाहीत ना हे बघणं. आणि त्याच अधिकाऱ्यांचं दुसरं काम म्हणजे पार्ट्यांना जाणाऱ्या बासरीवाल्या बायका रात्रीचे दोन द्राख्मांपेक्षा जास्त घेत नाहीत ना हे बघणं, आणि एकाच बाईला दोघांनी बोलावलं तर चिठ्ठी टाकणं. अथेन्सला चिठ्ठीचं व्यसनच होतं म्हणा.

अथेन्सच्या अगोराच्या म्युझियममध्ये ते सोडतीचं यंत्र ठेवलंय, म्हणजे त्याचा तुटका तुकडा. क्लेरोटेरियन. संगमरवरी पाटी आणि तिच्यात बारीक बारीक खाचांच्या रांगा. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते, बाकीची मंडळी बाहेर सावलीत जाऊन बसली. प्रत्येकाकडे नावाची ब्राँझची किंवा लाकडी पट्टी असायची, ती त्या खाचेत खोचायची. बाजूला एक नळी, तिच्यात वरून काळे-पांढरे गोळे ओतायचे, खालून एकेक सोडायचा. पांढरा निघाला की ती आख्खी आडवी रांग आज ज्युरी, काळा निघाला की ती रांग घरी. कोण कुठल्या खटल्यावर बसणार हे त्याच सकाळी ठरणार, मग लाच द्यायची तर द्यायची कुणाला? आणि ज्युरी म्हणजे बारा माणसं नव्हेत, 201, 401, 501. शेजारीच मातीचं पाण्याचं घड्याळ, खाली छोटं छिद्र, पाणी संपायला सहा मिनिटं, तेवढ्यात तुमचं बोलणं संपवायचं. आणि मतदानाच्या ब्राँझच्या चकत्या, मधे एक दांडी, एकीची पोकळ आणि एकीची भरीव. अंगठा आणि बोटाने दांडीची टोकं झाकून धरली की कुठली चकती पेटीत पडली हे शेजाऱ्यालाही दिसत नाही. माणसावर विश्वास नाही म्हणून एवढी सगळी कारागिरी! मला हा अविश्वास फार शहाणपणाचा वाटतो.

याउलट स्पार्टातली निवडणूक. गेरुसिया म्हणजे साठीच्या वरच्या 28 जणांची आणि दोन राजांची सभा, मरेपर्यंतचं पद. जागा रिकामी झाली की उमेदवार एकेक करून लोकांसमोरून चालत जायचे आणि लोक ओरडायचे. शेजारच्या बंद खोलीत काही माणसं बसलेली, त्यांना बाहेर कोण चाललंय ते दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो, त्यांनी ठरवायचं की कितव्या माणसाला सगळ्यात मोठा ओरडा झाला. ॲरिस्टॉटलने याला पोरकटपणा म्हटलंय. इ.स.पू. 432 मध्ये अथेन्सशी लढायचं का नाही यावर मत घेतलं तेव्हाही तसंच, ओरडून, फक्त एफोर स्थेनेलाइदास म्हणाला की मला आवाज नीट कळला नाही, ज्यांना युद्ध पाहिजे ते या बाजूला या, नको ते त्या बाजूला जा. त्याला बहुतेक बरोबर ऐकू आलं होतं. पण बाजूला उभं राहायला लावलं की कोण भित्रा हे सगळ्यांना दिसतं आणि रात्री मेसमध्ये त्याच लोकांबरोबर जेवायचं असतं.

अविश्वास स्पार्टातही होताच, तो वेगळ्या पद्धतीचा. दोन घराण्यांचे दोन राजे, म्हणजे एक डोईजड झाला तर दुसरा आहेच, आणि दोघांवर एफोरांची नजर. राजा आला की सगळे उठून उभे राहायचे, एफोर बसून राहायचे. आर्किडेमस राजाने बुटक्या बाईशी लग्न केलं म्हणून एफोरांनी त्याला दंड केला, ही आम्हाला राजे नाही देणार, चिल्लर राजे देईल म्हणून. अथेन्समध्ये डोईजड माणसाचा इलाज म्हणजे खापरावर नाव लिहून त्याला दहा वर्षं गावाबाहेर, किमान 6000 खापरं पडली पाहिजेत. घरदार, जमीन शाबूत, फक्त दहा वर्षं तोंड दाखवू नको. तिथेही लबाडी होतीच, अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची 190 खापरं सापडली आणि अक्षर बघितलं तर लिहिणारे हात जेमतेम चौदा. कुणीतरी आदल्या रात्री बसून गठ्ठा तयार केला होता वाटायला.

इथपर्यंत वाचून मी अथेन्सच्या बाजूची आहे हे कळलंच असेल. पण मी बाई आहे, त्यामुळे हा पक्ष मला फार वेळ टिकवता येत नाही. अथेन्समध्ये मला त्या टेकडीवर जागाच नव्हती. बाप, मग नवरा, मग मुलगा, कुणीतरी पालक कायम डोक्यावर, पंधरा वर्षांच्या आतच लग्न व्हायची शक्यता, आणि कायद्याने मला एक मेदिम्नोस जवाच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार करता आला नसता. बघा, तेच पोतं. स्पार्टात एका पुरुषाने दर महिन्याला मेसमध्ये टाकायचं तेवढ्या पोत्यात अथेन्सच्या बाईची आर्थिक ताकद संपली. पेरिक्लीसने युद्धात मेलेल्यांसाठीच्या भाषणात विधवांना सांगितलं की ज्या बाईबद्दल पुरुषांत चांगलं-वाईट काहीच बोललं जात नाही तिची मोठी कीर्ती. हा माणूस स्वतः अस्पासिया या परक्या शहरातल्या बाईबरोबर राहत होता जिच्याबद्दल अख्खं शहर बोलायचं, आणि आईवडील दोघंही अथेन्सचे असले तरच नागरिक हा 451 सालचा कायदा त्यानेच आणलेला, त्यामुळे पुढे अस्पासियाच्या पोराला नागरिक करून घ्यायला त्यालाच लोकांपुढे हात जोडायला लागले.

स्पार्टात मुली धावायच्या, कुस्ती खेळायच्या, उघड्यावर पुरुषांशी बोलायच्या, पोटभर जेवायच्या (हे उगीच नाही लिहिलं, बाकी ग्रीसमध्ये मुलींना कमी वाढायचे असं झेनोफोन हा ग्रीक लेखक सांगतो), आणि जमिनीच्या मालकीण असायच्या. ॲरिस्टॉटलच्या काळात तिथली जवळजवळ दोन पंचमांश जमीन बायकांकडे होती आणि तो त्यावरून जाम वैतागलाय. एजेसिलाउस राजाची बहीण सिनिस्का, तिच्या घोड्यांनी ऑलिंपियात रथाची शर्यत जिंकली, इ.स.पू. 396 मध्ये आणि परत 392 मध्ये, आणि तिने तिथे पुतळा उभारून खाली कोरून घेतलं की माझे बाप-भाऊ स्पार्टाचे राजे, आणि सगळ्या ग्रीसमध्ये हा मुकुट मिळवणारी मी एकटी बाई. बाकी लग्नाच्या रात्री नवरीचे केस भादरून तिला पुरुषाचे कपडे घालून अंधारात बसवायचे, नवरा मेसमधून जेवून चोरून यायचा आणि परत बराकीत जायचा, हे काही मला झेपलं नसतं. पण जमीन माझी असती.

गुलामांच्या बाबतीत अथेन्सने स्पार्टाला नावं ठेवायचं कारण नाही. लॉरियनच्या चांदीच्या खाणीत माणसं वाकून, सरपटत बोगद्यात काम करायची, आणि त्याच चांदीवर अथेन्सचं आरमार उभं राहिलं. निकियास नावाच्या बड्या सेनापतीने स्वतःचे 1000 गुलाम खाणीला भाड्याने दिले होते, माणशी दिवसाला एक ओबोल. ज्या लोकशाहीत सभेला यायचे तीन ओबोल मिळतात तिथे खाणीत माणूस घालवायचा भाव एक ओबोल, आणि तोही मालकाच्या खिशात. इ.स.पू. 413 मध्ये स्पार्टाने अटिकात, म्हणजे अथेन्सच्या मुलखात, डेकेलियाला तळ ठोकला तेव्हा अथेन्सचे वीस हजारांवर गुलाम पळाले, त्यातले बहुतेक कारागीर. गंमत बघा, हेलटांना मारणाऱ्या स्पार्टाच्या छावणीमुळे अथेन्सच्या गुलामांना पळायला वाट मिळाली. एरेक्थियोन देवळाच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले मिळालेत, त्यात नागरिक, परके रहिवासी आणि गुलाम, खांबाला खाचा पाडायचं काम तिघांना एकाच दराने. हे वाचून सुरुवातीला छान वाटतं, मग आठवतं की गुलामाचा रोज घरी कोण नेत होतं.

आणि गर्दीचा राग. 427 मध्ये मिटिलीनी या अथेन्सच्या अंकित शहराने बंड केलं म्हणून सभेने ठरवलं की तिथले सगळे पुरुष मारायचे, बायका-पोरं विकायची, जहाज रवानाही झालं. रात्री लोकांना झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी परत सभा, परत चर्चा, आणि थोडक्या मतांनी निर्णय फिरला. मग दुसरं जहाज पाठवलं, वल्हवणारे वल्ही न सोडता वाइन-तेलात कालवलेलं जवाचं पीठ खात होते, पाळीपाळीने झोपत होते, आणि पहिल्या जहाजाच्या लोकांनाच असल्या कामाची घाई नव्हती म्हणून वेळ साधली. तरीही मुख्य गुन्हेगार म्हणून हजारावर माणसं मारलीच. स्पार्टात निर्णय असा रातोरात फिरला नसता असं मला वाटतं. म्हणजे बहुतेक तो असा रागाच्या भरात झालाही नसता. पण झाला असता तर दुसरं जहाज निघालं नसतं.

मग टिकलं कोण? सगळे म्हणतात स्पार्टा अथेन्सविरुद्धचं युद्ध जिंकला, 404 मध्ये अथेन्सच्या तटबंद्या बासरीच्या तालावर पाडल्या, आणि ते खरंय. पण पोत्याचा हिशेब तिकडे आतून चाललेलाच होता. शेती वाटण्यांत तुटली, मोठ्या घराण्यांकडे आणि वारसदार बायकांकडे गोळा झाली, आणि दरवर्षी काही जणांना वर्गणी जमेना. ज्याला जमेना तो बाहेर, परत यायची वाट नाही. 480 मध्ये हेरोडोटस स्पार्टाचे नागरिक 8000 सांगतो. ॲरिस्टॉटलच्या वेळी हजारसुद्धा नाहीत, आणि तो स्वतःच म्हणतो की ही जमीन तीस हजार पायदळ पोसू शकली असती. इ.स.पू. 400 उलटून गेल्यावर लगेचच किनाडोन नावाच्या तरुणाचा कट पकडला गेला, अंगापिंडाने मजबूत, हिमतीचा, पण बरोबरीच्या लोकांत, म्हणजे पूर्ण नागरिकांत, नसलेला. त्याने एकाला बाजारात नेऊन सांगितलं होतं, मोज इथले नागरिक. राजा, एफोर, गेरुसियावाले आणि त्याशिवाय चाळीसेक भरले. ते आपले शत्रू, म्हणाला, आणि बाकीचे हे चार हजारांवर लोक आपले, यांच्यासमोर नागरिकांचं नाव काढलं की कच्चं खाऊ असं यांच्या तोंडावर दिसतं. पकडल्यावर विचारलं, कशासाठी केलंस, तर म्हणाला, स्पार्टात कुणापेक्षाही कमी नसावं म्हणून. भाच्याच्या बॅगेवर कुणाचं चित्र असायचंच तर याचं असावं असं मला वाटतं.

371 मध्ये ल्यूक्त्रात थीब्स शहराच्या सेनापती एपामिनोंडासने स्पार्टाला हरवलं. लढायला सातशे नागरिक होते, त्यातले चारशे मेले. बातमी सणाच्या शेवटच्या दिवशी पोचली, पुरुषांचं नृत्यगान चाललेलं, एफोरांनी ते थांबवलं नाही, बायकांना सांगितलं रडायचं नाही. दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचे नातेवाईक हसतमुखाने बाहेर आणि वाचलेल्यांचे तोंड लपवून. नियमाप्रमाणे पळून आलेल्यांचे सगळे मान काढून घ्यायचे, पण तसं केलं तर उरणार कोण, म्हणून एजेसिलाउस म्हणाला की कायदे आजचा दिवस झोपू देत. अथेन्सवरही 403 मध्ये अशीच वेळ आली होती, तीस जुलमी सत्ताधीशांनी आपल्याच शेकडो नागरिकांना मारल्यावर, आणि तिथे सगळ्या गावाने शपथ घेतली की मागचं उकरून काढायचं नाही. इथे एका राजाचं एक वाक्य, तिथे प्रत्येकाची शपथ.

ल्यूक्त्रानंतर पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात एपामिनोंडास लॅकोनियात घुसला आणि तिथून मेसेनियात जाऊन त्याने हेलटांना मोकळं केलं, त्यांच्यासाठी तटबंदीचं नवं शहर उभारलं, मेसेने. स्पार्टाच्या निम्म्या जमिनीचं पीक एका फटक्यात गेलं. 362 मध्ये मँटिनियाच्या लढाईनंतर सगळेच इतके थकले होते की ग्रीसमधल्या राज्यांनी मिळून तह केला, एकमेकांचा मुलूख मान्य केला, शपथा घेतल्या. स्पार्टा एकटा बाहेर राहिला, कारण यादीत मेसेनेचं नाव होतं.